शेवटचं पिंप

प्रार्थनेच्या सतराव्या दिवशी इलेक्टाने बर्फात गुडघे टेकले आणि वेंडेलच्या गुत्त्याचं दार आतून उघडलं.

"उठा, बाई. हरलो मी," वेंडेल म्हणाला. "पिंपं बाहेर काढतो."

ओहायोतल्या त्या गावातले दोन गुत्ते बायकांनी दारासमोर बसून केलेल्या प्रार्थनांनी आधीच बंद पाडले होते. हा तिसरा. इलेक्टाचा नवरा ओबेद रोज संध्याकाळी इथेच बसे. बाकीच्या बायकांना गाव सुधारायचं होतं, इलेक्टाला फक्त नवरा परत हवा होता.

त्याने चर्चमध्ये सर्वांसमोर दारू सोडल्याच्या शपथपत्रावर सही करावी, म्हणून तिने वर्षभर त्याचं डोकं खाल्लं होतं.

"गावाला खेळ दाखवायला मी काय माकड आहे?" एवढंच तो म्हणे.

तरी नोव्हेंबरपासून फरक पडला होता. कोटाला गुत्त्याचा वास येई, पण पाऊल सरळ पडे. आपली प्रार्थना लागू पडतेय, असं इलेक्टा शेजारच्या ड्रुसिलाला अभिमानाने सांगे.

कुऱ्हाड तिच्याच हाती दिली गेली. एकेक पिंप फुटलं, व्हिस्की गटारातून वाहू लागली. गावातली मोकाट डुकरं धावत आली. शेवटी कोपऱ्यातलं एक लहान पिंप उरलं.

"तेवढं राहू द्या," वेंडेल म्हणाला. "ते एका गिऱ्हाइकासाठी वेगळं ठेवलंय."

"कुणासाठी?"

"नाव नाही सांगणार. शब्द दिलाय."

"म्हणजे सगळ्यात जहाल तेच असणार!" ड्रुसिला म्हणाली.

इलेक्टाने सगळा जोर लावून घाव घातला.

रस्त्यापलीकडे ओबेद उभा होता. पिंप फुटलेलं त्याने पाहिलं, टोपी डोक्यावर दाबली आणि तो नदीवरच्या पुलाकडे चालू लागला. रुसू दे, जेवायला येईलच, असं इलेक्टाच्या मनात आलं. तिला फार हलकं वाटत होतं.

व्हिस्की प्यायलेली डुकरं झोकांड्या खात होती, एक तर आडवंच झालं. लहान पिंपावर तुटून पडलेली मात्र मिटक्या मारत ताठ उभी होती.

"ही मुरलेली बेवडी दिसतात," ड्रुसिला म्हणाली. बायका पोट धरून हसल्या.

वेंडेल आत गेला आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आला.

"वर्ष पुरं झाल्यावर द्यायचा होता तुम्हाला. पण आता मीच गाव सोडतोय."

चर्चमधलंच छापील शपथपत्र होतं ते. तारीख नऊ नोव्हेंबर. खाली ओबेदची सही आणि साक्षीदार म्हणून वेंडेलची.

"आणि ते पिंप?" इलेक्टाने विचारलं.

"सफरचंदाचा उकळलेला रस. रोज दोन पेले. जिथे लागली तिथेच बसून सोडली तर सुटेल, म्हणायचा."

इलेक्टाने वळून पाहिलं. पूल ओलांडून ओबेद पलीकडच्या गावातल्या गुत्त्याचं दार ढकलत होता.