सुईणबाईंची खुर्ची

राज्यघटनेत आदिवासींचं नाव यावं आणि सभागृहात त्यांची एक तरी खुर्ची असावी, यासाठी सुईणबाईंनी वीस वर्षं चपला झिजवल्या. अखेर खुर्ची मिळाली आणि तिच्यावर त्याच निवडून आल्या. पहिल्याच दिवशी विषय निघाला, तो त्यांची वस्ती बुडवणाऱ्या धरणाचा. त्या बोलायला उठल्या, तोच अध्यक्षांनी हात जोडले.

"बाई, राग मानू नका. ज्याचा हितसंबंध असेल, त्याने मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं, असा नियम आहे."

"आणि ज्यांच्या शेतांना हे पाणी मिळणार, ते?"

"ते तर बाकीचे सगळेच! सगळे बाहेर गेले तर सभा कशी चालायची?"

सभागृहात हशा पिकला. सुईणबाई हातातल्या कागदाची घडी करत बाहेर आल्या. भाचीला खुर्चीत बसलेलं बघायला आलेली म्हातारी मावशी दाराशी बाकावर बसली होती. इतक्यात आतून बाकं वाजल्याचा आवाज आला.

"झालंसुद्धा?" मावशीचा चेहरा उजळला. "एवढ्या लवकर? म्हणजे कुणी विरोधच केला नाही!"

सुईणबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"नाही गं मावशी. एकमताने झालं."