तिला चालायला शिकवताना

"टाच आधी! टाच, मग तळवा, मग बोटं. बदकासारखं फतफत काय चालतेस?" मास्तर ओरडले.

बायकोने वॉकर सोडला आणि खुर्चीत टेकली. "ओरडू नका हो. डोक्यात शिरतं, पण पायात उतरत नाही. एकदा करून दाखवा ना."

मास्तरांनी सुस्कारा टाकला. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली. नेम एकच, आधी स्वतः करून दाखवायचं, मग पोरांना सांगायचं. पोरगं कितीही ढ असो, मास्तरांची उडी पाहिली की उडायचंच. ही विद्यार्थिनी सत्तरी ओलांडलेली, एवढाच फरक.

त्यांनी वॉकर घेतला. वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"पाहिलंस?"

"वळताना काय केलंत ते निसटलं. पुन्हा?"

"अगं, काय हे!" पण ते पुन्हा निघाले. गरकन फिरायचं नाही, लहान लहान पावलं टाकत वळायचं, असं सांगत सांगत वळले. चालताना त्यांचाही खुबा ठणकायचा. ते कुणाला बोलले नव्हते. तिला ताप आला की यांचं अंग मोडून यायचं, तसंच हे असणार.

लग्नानंतर मास्तर रस्त्याने ढांगा टाकत पुढे जायचे आणि ती मागून धापा टाकत यायची. "मी काय तुमच्या शाळेत आहे?" म्हणून भर रस्त्यात भांडायची. आता तिच्यासाठी पाऊल पाऊल टाकायचं, तर त्यात त्यांना गंमतच वाटायची.

खुब्यात नवा सांधा बसवल्यापासून घराचं रूपच बदललं होतं. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेल्या, खुर्च्यांवर उशा चढल्या. वॉकर मात्र तिला उंच पडायचा. ती ठेंगणी, खांदे कानांना लागायचे. मास्तरांनी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना किती वेळा बजावलं. "राहू द्या मास्तर, बरोबर आहे," म्हणून ती पोर हसून टाळायची. हल्लीचं शिक्षण!

आज मात्र परीक्षेचा दिवस होता. लेकीने निक्षून सांगितलं होतं, "बाहेरच्या पायऱ्या जमल्या नाहीत तर शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. तिथे एकाचीच सोय आहे, बाबा. मी तरी काय करू?" निकाल आज डॉक्टरीणबाई देणार होत्या.

मास्तरांच्या डोक्यात तेच घोळत होतं. हिला दिवा मालवल्यावर चार गोष्टी बोलल्याशिवाय झोप येत नाही. तिथे कोण हुंकार देणार?

डॉक्टरीणबाई आल्या. "चला, पायऱ्या!"

बायकोने मास्तरांची बाही धरली. "मला भीती वाटते. आधी तुम्ही."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. "बघ हं. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. दुसरा हात कठड्यावर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. घाई नाही."

ते चढले. डॉक्टरीणबाई त्यांच्या कमरेजवळ हात धरून मागोमाग चढल्या.

"माझ्यामागे काय येतेस? तिच्याकडे बघ!"

"तुमची ढब बघतेय, मास्तर. मलाही शिकू द्या की."

वर पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं. बायको तोंडावर पदर धरून उभी होती. घाबरली बिचारी. मास्तर सावकाश उतरले, शेवटच्या पायरीवर जरा डगमगले आणि सावरले.

"आता तू."

"आधी तुम्ही दम खा. घामाघूम झालात."

खरंच दमले होते. घरात येऊन पलंगावर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी हसत उभ्या होत्या. "पास! कुठ्ठे जायचं नाही. घरीच राहायचं. तुमच्या लेकीलाही कळवलं."

"ही चढली?"

"तुम्ही दाखवलंत अगदी तसं," बायको म्हणाली.

"आणि मला उठवलं नाहीत? माझी विद्यार्थिनी, आणि परीक्षेला मीच नाही!" मास्तर रुसले. मग राहवेना. "शाबास गं," ते हळूच म्हणाले. "ढ नाहीस तू."

"आता टाक्यांवरची पट्टी बदलून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जपून हं, पोरी. तिला दुखेल."

"नाही दुखू देणार," म्हणत बायको खुर्चीतून ताडकन उठली, आडवा आलेला वॉकर पायाने बाजूला सारला, मास्तरांना अलगद कुशीवर वळवलं आणि त्यांच्या खुब्यावरची पट्टी सोडवू लागली.