खळीने चिकटवलेली नावं

सरदार. मूतखडा. मीठ नको. सुकटीची भुकटी, सकाळी एक खूण.

"एक खूण म्हणजे?" सुनीतीने विचारलं.

नंदकिशोरने बरणी उजेडात धरली. काचेवर कागदाची उभी पट्टी. तिच्या कडेला कात्रीने पाडलेले दाते. दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवर डोस कळावा म्हणून असते, तशी. नंदकिशोरच्या आत्याचा नवरा इथेच, मारेगावच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तो गेला, पण मांजरांच्या बरण्यांसाठी आत्याची खळ आणि कात्री काही थांबली नाही.

स्वयंपाकघरात बरण्या. खाटेखाली बरण्या. देवांना एका कोपऱ्यात सारून देवळीत बरण्या. मांजरं मात्र तीन, तीही आजारी, तेरा दिवसांपूर्वी आत्या गेली तेव्हापासून ताटलीला नीट तोंड न लावलेली. अंगणात उन्हाच्या पट्ट्यात पडून होती.

"यांना आणि तुला एकाच वॉर्डात भरती करायला पाहिजे," नंदकिशोर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सकाळचा भात राहिला का गं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"दोनदा तिसऱ्याच महिन्यात गेलं, सुनीती. डॉक्टर काय म्हणाले? पोटात अन्न राहिलं नाही तर हेही राहणार नाही."

"मी मुद्दाम करते का?"

त्याने हातातली बरणी खाली ठेवली. बरण्या नाल्यात नेऊन टाकायला बैलबंडी आणतो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

ठमी. दात नाहीत. दूध पावडर दोन खुणा, कोमट पाण्यात. रागावू नये.

सुनीती स्टुलावर चढून फळीवरच्या बरण्या काढून देत होती. खाली धुरपताबाई त्या पोत्यावर मांडत होती. आत्याकडे ती बारा वर्षं कामाला होती.

"दर मंगळवारी बजारातून सुकट मीच आनो," धुरपताबाई म्हणाली. "म्या इचारलं, बाई, येवढं कायले? मांजरं तीन अन् बरन्या तीनशे! त म्हने, धुरपता, याइचा काही नेम नाई. आज खाते, उद्या तोंड फिरवते. घरात सारं पाह्यजे. अन् मांजरं कशी, नवाबाची अवलाद! मले मेलीले शिळी भाकर, याइले कोमट दूध."

गोदू. धाप लागते. काल आवडलेलं आज देऊ नये.

सुनीती हसली. बऱ्याच दिवसांनी.

फळी रिकामी झाली. अगदी मागे, भिंतीला टेकून एक बरणी उरली होती. तिच्यावरचा कागद पिवळा पडलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. अक्षर तेच. सुनीतीने ती खाली आणली आणि पदराने पुसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

नलू. तिसरा महिना. पोटात काही

ती थांबली.

राहत नाही. रोज एक खूण.

"कोनाची हाये थे?" धुरपताबाईला वाचता येत नव्हतं.

"नलूची."

"नलू?" धुरपताबाईने बोटांवर मोजून पाहिलं. "सरदार, ठमी, गोदू. त्याच्या पह्यले काळू होता, थो मेला. नलू नावाचं मांजर नाई वयनी या घरात. कधीच नोतं."

सुनीती स्टुलावर बसली.

फुलसावंगीला ती नलू होती. लग्नाच्या दिवशी नंदकिशोरने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनीती' लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि नलू माहेरीच राहिली. मग आई गेली, वडील गेले. आता ते नाव घेणारं कुणी नव्हतं. आत्या लग्नाला आली नव्हती. तिने सुनीतीला कधी पाहिलंच नव्हतं. आणि तिसऱ्या महिन्याचं नंदकिशोर आणि डॉक्टर सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

"टाकून देऊ का थे?" धुरपताबाईने हात पुढे केला.

सुनीतीने बरणी मांडीवर ओढून घेतली. झाकण फिरवलं.

सुकटीचा वास. तिच्या सासरी अंडंसुद्धा येत नसे. चहाच्या वासानेही ती मोरीकडे धावायची. ती उमाशाची वाट पाहत बसली. उमासा आला नाही. तोंडाला पाणी सुटलं.

तिने बोट बुडवलं. चाटलं. थोडं थांबली. मग भुकटी तळहातावर ओतली.

एक खूण.

पोटात ती राहिली. तिला कळलं, राहिली. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पण हात थांबला नाही.

दुसरी खूण.

"वयनी, एकच लिवली हाये ना? तुमीच वाचलं आता."

सुनीतीने पुन्हा बरणी कलती केली. ती हात तोंडाशी नेत नव्हती आता, तोंडच हाताशी नेत होती. तळवा, मग मनगट, मग बोटांच्या मधल्या जागा, सावकाश. धुरपताबाई उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

बाहेर बंडी थांबली. बैलाने नाक फुरफुरलं.

"सुनीती!" नंदकिशोरने अंगणातून हाक मारली.

तिने मान वर केली नाही.

"सुनीती, अगं ऐकलंस का?"

त्या हाकेसरशी उन्हाच्या पट्ट्यातून ठमी उठली, अंग ताणलं, आणि त्याच्याकडे चालत गेली.