जावईबापूंचं खोकं

जावईबापूंनी यंदाही दिवाळीला आपल्या लेकीसाठी, जुईसाठी, गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू मिक्सरच्या खोक्यातून आणलं, आणि भाऊबीज झाल्यावर ते खोक्यासकट सासूच्या ओट्यावर ठेवलं. "फ्लॅटमध्ये कुठं सांभाळायचं, आई? इथं अंगण आहे."

सरूबाईंच्या तोंडाला सगळी आळी वचकून असे, पण जावयाला उलट बोलायचं नाही ही घरची रीत. गेल्या साली असंच ठेवून गेलेलं हिरवं पिल्लू त्यांनी बल्बच्या उबेत जगवलं होतं. पुढं त्याचा रंग झडला, तुरा फुटला. "उडून गेलं," असं जावईबापूंनी जुईला सांगून टाकलं होतं, आणि काल अंगणातल्या त्याच कोंबड्याकडं बघून ते म्हणाले होते, "याचा रस्सा झकास होईल." सरूबाईंनी मुकाट्यानं वांगी चिरली होती.

आता त्यांनी गुलाबी पिल्लू आपल्या टोपलीखाली सोडलं, कोंबड्याला खोक्यात बसवलं आणि खोकं गाडीत नातीच्या मांडीवर दिलं.

"जुई, तुझं हिरवं पिल्लू उडून गेलेलं ना? आलं बघ परत."

जुईनं खोक्यालाच मिठी मारली.

"आई, हे काय?" जावईबापू म्हणाले.

"शेजारणीची वाटीसुद्धा मी रिकामी परत देत नाही, बापू. जावयाचं खोकं कसं देऊ?" सरूबाईंनी गाडीचं दार लावून घेतलं. "पहाटे चारला आरवतो. कापायचा झाला तर हिला विचारून कापा."