खालच्यांची पेज

फप्प आवाज झाला, जयमालाची गॅसची शेगडी विझली आणि दुपारची शांतता मोडली. बाळाचं दूध अजून गारच होतं.

वणी गावाखालच्या कोळशात पाळलेले जिवाणू गॅस तयार करायचे. त्यांना खाऊ म्हणून घरोघरच्या बायका रोज सकाळी भाताची पेज नळीतून खाली सोडायच्या. हल्ली मात्र गॅस पुरेना.

“खालचं पाणी उपसलं की कोळशात अडकलेला सगळा गॅस सुटतो, वर्षभर धो धो गॅस! पुढचं पुढे,” शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या. “साऱ्या गल्लीनं होकार दिला, तुझाच अंगठा राहिला वं, जयमाला. पाण्यावाचून जिवाणू मरतील तर मरतील. ते काय तुझ्या माहेरचे आहेत?”

जयमाला हसली. तिने अंगठा शेवंताबाईंनी पुढे धरलेल्या ठशाच्या यंत्राकडे नेला.

नळीला कान लावून बसलेल्या तिच्या लेकीने, रेवाने, हळूच विचारलं, “आई, पाणी जाणार आहे हे त्यांना कोण सांगणार?”