वरच्या खोलीतला रेडिएटर

फिंटनने घरामागच्या लोखंडी टाकीवर चमच्याने वाजवून पाहिलं. आत तेल असलं की आवाज बसका येतो. आज टाकी वरपासून खालपर्यंत खणखणत होती. सकाळपासून तो हेच करत होता.

"बाबा, आत या बरं," त्याची मुलगी ओर्ला दारातून म्हणाली. "वाजवून तेल वाढत नसतं."

तो आत आला, चुलीपुढे बसला आणि लगेच उठला.

ओर्ला सकाळीच गॉलवेहून आली होती. खोल्याखोल्यांतले रेडिएटर ज्या तेलावर तापतात त्याची नाताळाआधी भरलेली टाकी फेब्रुवारीतच तळाला गेली होती, आज सकाळी पुरती संपली. आईच्या वेळी तेवढंच तेल ईस्टरपर्यंत पुरायचं. पुढे घर कशावर तापवायचं ते ठरेपर्यंत तेलाचा एक थेंब मागवायचा नाही, असं तिने ठरवलंच होतं. घरं तपासणाऱ्या डॉनलला तिने बोलावून घेतलं होतं.

चहा पिता पिता डॉनलने एकेक गोष्ट समजावून सांगितली. टर्फ, म्हणजे चुलीत जळणारी दलदलीची माती, घरचंच, पण दलदलीतून त्या विटा कापायच्या, वाळवायच्या, वाहून आणायच्या, आणि फिंटनची कंबर तर गेलेली. शिवाय चुलीची ऊब स्वयंपाकघरापुरतीच, वर जात नाही. लाकडाच्या गोळ्यांची पोती मिळतात, पण तीही उचलावी लागतात. गॅसची लाइन या गावात नाही. तेलाचं तर दिसतंच आहे. राहिला हीट पंप. बाहेरच्या भिंतीला एक पेटी लावायची, ती विजेवर चालते, बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून घेते. उचलायचं नाही, भरायचं नाही. मात्र त्याची ऊब मंद असते, ती घराने धरून ठेवायला हवी. म्हणून घर कुठे गळतंय ते आधी बघायचं.

"आजच्यापुरतं तेल मागव," फिंटन म्हणाला. "मग काय ते बघत बसा."

"चूल पेटलीय ना? झोपताही तिथेच. बाकावरची रजई दिसतेय मला."

"जिना चढवत नाही आता," तो म्हणाला. न्याहारीनंतर दोनदा तो वर जाऊन आला होता.

डॉनलने समोरच्या दाराच्या चौकटीत ताडपत्री ताणून बसवली. तिच्यात मोठा पंखा होता. तो घरातली हवा बाहेर ओढणार, मग बाहेरची हवा जिथून आत घुसेल तिथे गळती. चुलीतले निखारे बाहेर काढून चिमणी त्याने बोळा घालून बंद केली.

"खिडक्या सगळ्या बंद आहेत ना, काका?"

फिंटनने किटलीकडे पाहिलं. "आहेत," तो म्हणाला.

पंखा सुरू झाला. डॉनलच्या यंत्रावरचा काटा काही केल्या वर चढेना. "काका, गाय आत येईल एवढं भोक आहे या घरात," तो म्हणाला. तेवढ्यात जिन्यावरून गार वारा खाली आला आणि वर कुठेतरी दार घुमू लागलं.

ओर्ला जिना चढली. तिच्यामागे फिंटनही चढला, जवळजवळ धावतच.

आईबाबांच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत आईचा तपकिरी कोट कोंबून ठेवलेला होता. वाऱ्याने तो बाहेर सरकला होता आणि त्याच्या बाह्या हलत होत्या. ओर्लाने दार उघडलं. पलंगावरची चादर नीट घातलेली होती. रेडिएटरची चावी पुरती उघडी होती. घरातले बाकीचे सगळे रेडिएटर बंद होते, हे तिने मघाशीच पाहिलं होतं. आणि रेडिएटरच्या बरोबर वरची खिडकी वीतभर उघडी होती.

ती खिडकी ओर्लाला आठवत होती. नोव्हेंबरात आईचा, नुआलाचा, श्वास थांबला तेव्हा शेजारच्या डेलियाने ती उघडली होती. जाणाऱ्याला वाट मोकळी असावी म्हणून उघडतात. दोनेक तासांनी बंद करतात, नाहीतर गेलेलं माणूस मागे फिरतं. मग लोक यायला लागले, ओर्ला खाली सँडविच कापत बसली, आणि खिडकीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

"डेलियाने तुम्हाला बंद करायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"विसरलात?"

"नाही."

खालून डॉनलने विचारलं, सापडलं का, सापडलं असेल तर बंद करा, पुन्हा मोजतो.

ओर्लाने खिडकीला हात घातला.  फिंटन रेडिएटरला हात लावून बघत होता. आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा. रेडिएटर निवत चालला होता.

तिने खिडकीवरचा हात काढला. दोघं बाहेर आली. दार लावून घेऊन तिने कोट उचलला, झटकला आणि पुन्हा फटीत नीट बसवला.

खाली येऊन तिने पंखा बंद करायला सांगितलं.

"खिडकी लावली?" डॉनलने विचारलं.

"नाही. ती तशीच राहणार आहे."

"मग पंपाचं विसरा. काहीही जाळा, सगळ्या गावाला ऊब द्याल."

"देऊ," ओर्ला म्हणाली आणि तिने तेलवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलीने सांगितलं की गाडी या बाजूला शुक्रवारी येईल. आज फक्त ज्या घरात म्हातारं, आजारी, थंडी न सोसणारं कुणी असेल तिथेच जाते. तुमच्या घरी कोण आहे?

फिंटन चमचा हातात घेऊन मागच्या दाराशी उभा होता.

"बाबा आहेत," ओर्ला म्हणाली. मग तिने जिन्याकडे पाहिलं. "आणि आई. तिला थंडी अजिबात सोसत नाही."