दोन नावांचा तांब्या

बुडालेल्या होडीतून दगडी नांगराबरोबर वर आलेला, दोन हजार वर्षांपूर्वीचा तांब्या कुमुदताई प्रयोगशाळेत साफ करत होत्या. हिरवा गंज निघाला आणि खाली ठिपक्याठिपक्यांची देवनागरी अक्षरं दिसली: ‘चि. ऋजुता’. त्यांची लेक ऋजुता उद्या कालयानाने त्याच काळात कायमची राहायला जाणार होती; फक्त त्यांच्या होकारासाठी अडली होती!

त्याखाली लेकीच्या हस्ताक्षरात ओबडधोबड कोरलेलं दुसरं नाव होतं: ‘चि. कुमुद’. आजीचं नाव ठेवलेली नात!

तेवढ्यात ऋजुताचा फोन आला. “आई, तांब्यावर नाव घालून आणलं गं. आता तरी हो म्हण!”

नको म्हणावं, तर नात जन्मणारच नव्हती. हो म्हणावं, तर दोघी त्या बुडणाऱ्या होडीत चढणार होत्या.